बरा झालेल्या फुफ्फुसातला गोळा

शंकेखोर : बुरशीचं नाव काढलं की लोकांना २०२१ चा मे महिना आठवतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला, त्याची 'काळी बुरशी' झाली, केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला लावला. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनासाठी नातेवाइकांनी शहरं पालथी घातली. कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी म्हणजे तीच बुरशी, असे संदेश घरोघरी फिरले. प्रत्यक्षात ती बुरशीच वेगळी. तेव्हापासून बुरशीबद्दल कोणी फार उत्साहाने बोलू लागलं की मला धास्ती वाटते. आता तुमचं म्हणणं असं, की टीबी बरा झालेल्यांच्या छातीत बुरशीचा गोळा आहे का ते शोधत फिरायचं. सहा महिने गोळ्या खाऊन, शेजारपाजाऱ्यांपासून लपवून, जो माणूस कसाबसा टीबीच्या रजिस्टरातून बाहेर पडला, त्याला पुन्हा दारात उभं करायचं. कशासाठी?

आग्रही : कांद्याचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. ती भुकटी म्युकरची नाही हे खरंच. ती ॲस्परजिलस नायजर. आणि मी ज्या गोळ्याबद्दल बोलतोय तो बहुतेक वेळा तिच्याच भाऊबंदाचा, ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा असतो. म्युकर काही दिवसांत ऊती पोखरतो, म्हणून त्याचा बोभाटा होतो. हा वर्षानुवर्षं गप्प बसतो, म्हणून याची चर्चा नाही. टीबी बरा होतो तेव्हा जंतू मरतात, पण फुफ्फुसाचा जो भाग गेला तो परत येत नाही. बहुधा वरच्या भागात एक पोकळी राहते, जाड भिंतीची. ॲस्परजिलसचे बीजाणू असतात दोन-तीन मायक्रॉनचे. कुजलेला पाला, दमट कडबा, शेणखत, सगळीकडून ते हवेत उडतात आणि तुम्ही-मी रोज शेकड्यांनी आत ओढतो. धडधाकट फुफ्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात. पोकळीत त्या पेशींची गस्त नीट पोचत नाही आणि हवाही फारशी खेळत नाही. बीजाणू रुजतो, त्याचे तंतू वाढतात, त्यांत कफ, फायब्रिन, मेलेल्या पेशी गुंततात आणि गोळा बनतो. पुष्कळदा तो भिंतीला चिकटलेलाही नसतो. उताणं झोपवून आणि पालथं झोपवून सीटी काढला तर खुळखुळ्यातल्या खड्यासारखा जागा बदललेला दिसतो. वरच्या बाजूला हवेची चंद्रकोर उरते, तीच त्याची ओळख.

शंकेखोर : म्हणजे तुमच्याच तोंडून आलं, तो भिंतीला धरूनही नसतो. कित्येकांना तो आहे हे जन्मभर कळत नाही. दुसऱ्याच कारणाने छातीचा फोटो काढला तेव्हा सापडतो. थोड्या जणांत आपोआप विरघळून खोकल्यातून निघूनही जातो. मग रोग कोणता म्हणायचा? माझ्या मते रोग ती पोकळी आहे. पोकळी का उरली, तर निदान उशिरा झालं. खोकला सुरू झाल्यावर आधी मेडिकलवरून सिरप, मग गावातल्या डॉक्टरकडे दोन-तीन वेळा अँटिबायोटिक, मग कोणीतरी म्हणतं थुंकी तपासा. तोवर वरचा भाग पोखरला गेलेला असतो. आपल्या देशात वर्षाला २७-२८ लाख लोकांना नव्याने टीबी होतो. हे निदान जर महिना-दोन महिने अलीकडे आलं, तर पोकळ्याच कमी होतील आणि तुमच्या बुरशीला बसायला जागा उरणार नाही. हातात एक रुपया असेल तर तो मी तिथे घालीन. शेवटच्या खोलीत डोकावत बसण्यापेक्षा पहिलं दार लावलेलं बरं.

आग्रही : पहिलं दार लावाच, माझी ना नाही. पण ज्यांच्या छातीत पोकळी आधीच झाली आहे ते लाखो लोक त्याने कुठे जाणार? ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात टीबीनंतर अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची पाहणी झाली. दर दहांत एकाहून अधिक जणांत गोळा दिसला, आणि काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा प्रमाण वाढलेलं होतं. आता 'गप्प बसतो' याचा अर्थ समजून घ्या. पोकळीच्या भिंतीभोवती श्वासनलिकांच्या धमन्या वर्षानुवर्षांच्या दाहाने फुगलेल्या असतात. हृदयाकडून येणारा पूर्ण दाब त्यांच्यात असतो. एक दिवस त्यातली एक फुटते. आधी बेडक्यात रक्ताची रेघ, मग कधीतरी तोंड भरून रक्त. माणूस रक्त गेल्यामुळे मरतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकदा तो स्वतःच्या रक्तात गुदमरून मरतो, कारण ते चांगल्या फुफ्फुसात उतरतं. आणि हे झालं नाटकी टोक. रोजचं टोक त्याहून वाईट : वजन उतरणं, जुना खोकला, थकवा, कधी संध्याकाळचा ताप. हे वाचून तुम्हाला काय आठवतं?

शंकेखोर : टीबी. आणि इथे मी अडतो, ते कबूल करतो. असा माणूस दवाखान्यात आला, आधी एकेटी, म्हणजे टीबीचा कोर्स, झाली आहे असं सांगितलं, फोटोत वरच्या भागात पांढरं दिसलं, की डॉक्टर म्हणतात, परत आला. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी कोर्स पुन्हा सुरू. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्रावर क्षीण पॉझिटिव्ह आलं तर विचारूच नका. नुकताच उपचार झालेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा डीएनएही ते यंत्र उचलतं, हे माहीत असूनही कागदावर पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. ज्याला खरं बुरशीने ग्रासलं आहे तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टीबीची औषधं खातो, यकृत बिघडवून घेतो आणि खोकतच राहतो. तेव्हा लक्षणं असलेल्या माणसात दुसरा कोर्स लिहिण्याआधी बुरशीचा विचार करावा, हे मला मान्य. पण तुम्ही तेवढ्यावर थांबत नाही. तुम्हाला ज्याला काही होत नाही त्यालाही तपासायचं आहे. तिथे तुमच्या चाचण्या कितपत भरवशाच्या? थुंकीत ॲस्परजिलस उगवला म्हणजे रोग झाला असं नाही. तो वाटसरूही असतो. रक्तातली ॲस्परजिलसविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं वाढलेली असली तरी ॲलर्जीचा दमा असणाऱ्यांतही ती वाढतात. सीटीला पैसे लागतात. आणि हे एकदा बाजाराच्या हाती गेलं की 'टीबीनंतरचं संपूर्ण पॅकेज' म्हणून त्याची पाटी लागेल.

आग्रही : बाजाराच्या भीतीने ज्ञान थांबवायचं म्हटलं तर वैद्यक कधी सुरूच झालं नसतं. शरीरात गोळा बांधणाऱ्या बुरशीची आपल्या देशातली सगळ्यात जुनी कथा पायाची, म्हणजे मायसेटोमाची आहे. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात काटा मोडायचा, वर्षभराने पाऊल सुजायचं, भोकं पडून त्यांतून खसखशीसारखे काळे किंवा फिकट कण यायचे. मदुराईच्या दवाखान्यात गिल यांनी १८४२ मध्ये त्याची नोंद केली. पण ते आत काय आहे हे पाहिलं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. ग्रेज ॲनाटॉमीतली चित्रं काढणारे तेच कार्टर. ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. त्यांनी कापलेली पावलं उभी चिरली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, कण चितारले आणि १८७४ साली मायसेटोमावर अख्खं पुस्तक काढलं. औषध त्यांच्याकडे नव्हतं. कापण्याखेरीज दुसरं काही करताही येत नव्हतं. तरी त्यांनी बघायचं सोडलं नाही. आत काय आहे हे आधी कोणीतरी पाहिल्याशिवाय औषध शोधायला कोण बसणार?

शंकेखोर : कार्टर यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांची साक्ष माझ्या बाजूने पडते. त्यांनी त्याला बुरशीचा रोग म्हटलं आणि पुढे कळलं की त्यातल्या फार मोठ्या वाट्यात बुरशी नसतेच, जिवाणू असतात. दोन्हींची सूज सारखी, भोकं सारखी, कणसुद्धा सारखे वाटणारे. पण एकाला अँटिबायोटिकने बरं करता येतं आणि दुसऱ्याला बुरशीचं औषध महिनोन्‌महिने द्यावं लागतं. नुसतं बुरशी बुरशी म्हणत राहिलं असतं तर निम्म्या पावलांना चुकीचं औषध गेलं असतं. आणि बुरशीवाल्यांचं तरी काय झालं? पुस्तक निघालं १८७४ ला. तोंडाने घ्यायची उपयोगी औषधं यायला शंभरएक वर्षं गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत मायसेटोमा आला २०१६ मध्ये. आठवड्यातून एकदा घ्यायच्या फॉसरॅव्ह्युकोनॅझोलची चाचणी खार्टुमच्या मायसेटोमा संशोधन केंद्रात झाली आणि पुढे सुदानच्या युद्धात ते केंद्रच उद्ध्वस्त झालं. दीडशे वर्षं त्या रोगाला नाव आहे, चित्र आहे, पुस्तक आहे, आणि आजही पाय कापले जातात. बघितलं म्हणजे वाचवलं, असं मी म्हणूच शकत नाही.

आग्रही : पायाबद्दल तुमचं खरं. फुफ्फुसाबद्दल नाही, कारण इथे आपण १८७४ मध्ये नाही. चंदिगडच्या पीजीआयमध्ये फुफ्फुसात पोकळी करणाऱ्या जुनाट ॲस्परजिलोसिसच्या ३१ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सहा महिने इट्राकोनॅझोल घेतलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश जणांना उतार पडला. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यात एक तृतीयांशाच्या आसपास. मग तिथल्याच लोकांनी विचारलं, सहा महिने पुरतात का? २०२२ च्या निष्कर्षात सहा महिने घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना दोन वर्षांत रोग पुन्हा उलटला, वर्षभर घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांना. हे आपल्याकडचे रुग्ण, आपल्याकडची टीबीने पोखरलेली फुफ्फुसं, आपल्याकडे मिळणारी कॅप्सूल. गोळा औषधाने विरघळेलच असं मी म्हणत नाही. त्याच्या पोटात रक्तवाहिन्या नसतात, मग औषध आत कसं पोचणार? पण भोवतालची भिंत शांत होते, वजन चढतं, माणूस कामाला लागतो.

शंकेखोर : कॅप्सूल मिळते, पण ती घेणं तुम्ही म्हणता तितकं सोपं नाही. ती भरल्या पोटी घ्यायची, पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते, आणि आपल्याकडे निम्मा गाव सकाळी उठून ॲसिडिटीची गोळी घेतो. रक्तात किती उतरली हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या शहरांत. वर्षभर घेताना पाय सुजतात, रक्तदाब चढतो, हृदय अशक्त असेल तर ते आणखी थकतं. आणि सगळ्यात मोठी गोम : टीबीचं रिफाम्पिसिन सोबत चालू असेल तर यकृत इट्राकोनॅझोलची इतक्या झपाट्याने वाट लावतं की औषध दिलं न दिल्यासारखं. दोन्ही रोगांचा संशय आहे म्हणून दोन्ही कोर्स एकदम लिहिणारे डॉक्टर कमी नाहीत. आता शेताकडे या. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीवर जी औषधं फवारतात त्यांतली काही इट्राकोनॅझोलच्याच ट्रायाझोल कुळातली. शेतातल्या अशा फवारणीशी जोडली जाणारी प्रतिरोधक बुरशी आधी नेदरलँड्समध्ये ठळकपणे दिसली आणि २०१२ मध्ये भारतातल्या मातीच्या नमुन्यांतही सापडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशांची यादी केली तेव्हा फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात बसवला. हातात मोजकी औषधं, त्यांना तोंड देऊ शकणारे बीजाणू हवेत आधीच फिरतायत, आणि तुम्ही लक्षणं नसलेल्यांनाही शोधून काढणार. शोधलं की दिल्याशिवाय कोण राहतो?

आग्रही : ज्या औषधाची फवारणी एकरा-एकरावर होते, त्याच्या बचतीसाठी रुग्णाची कॅप्सूल रोखायची, हा न्याय मला पटत नाही. बचत करायची असेल तर बागेतून सुरुवात करा. आणि शोधलं की औषध द्यायचंच, असं कोण म्हणतं? युरोपातल्या छातीरोग आणि संसर्ग तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूत्रांत तीन वाटा आहेत. एकच गोळा आहे, बाकी फुफ्फुस धड आहे, माणूस शस्त्रक्रिया सोसू शकतो : तेवढा भाग काढा. रोग पसरतोय, वजन उतरतंय : दीर्घकाळ औषध द्या. एकच गोळा, काही त्रास नाही, महिनोन्‌महिने आकार तोच : नुसतं लक्ष ठेवा. तिसऱ्या वाटेत औषध नाही, चाकू नाही. पण लक्ष ठेवायला आधी तो आहे हे माहीत असावं लागतं.

शंकेखोर : लक्ष कोण ठेवणार, हे एकदा सांगाच. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्याकडे निघतो, तो उन्हाळ्यात परततो. त्याचा सहा महिन्यांचा फोटो कुठल्या जिल्ह्यात काढायचा? टीबीचा उपचार संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करावा, हे सूचनांत आधीच लिहिलेलं आहे. बहुतेक ठिकाणी तो 'बरे आहात ना?' एवढ्या फोनवर भागतो. शस्त्रक्रिया म्हणाल, तर टीबीने छातीच्या भिंतीला चिकटलेलं फुफ्फुस सोडवताना रक्त आवरत नाही, आणि पुष्कळांचा श्वास एक भाग गमावण्याइतका उरलेलाच नसतो. आता समजा, तुम्ही त्याला सांगितलं की तुझ्या छातीत गोळा आहे, एखाद्या रात्री रक्त पडू शकतं. पडलं. १०८ आली, तालुक्याच्या रुग्णालयात नेलं, ट्रानेक्झॅमिक ॲसिड दिलं. पुढे काय? मांडीतून नळी घालून फुटलेली धमनी बुजवणारा रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरात बसतो. आणि ते बुजवलं तरी गोळा जागेवरच असतो, म्हणून महिन्या-वर्षाने दुसरी धमनी फुटते. तुम्ही त्या माणसाला बाहेर पडायची वाट न दाखवता फक्त भीती दिलीत.

आग्रही : भीतीखेरीज एक गोष्ट त्याला देता येते, आणि तिला रुपयाही लागत नाही. रक्त तोंड भरून येऊ लागलं की ज्या बाजूच्या फुफ्फुसातून येतंय त्या कुशीवर, ती बाजू खाली करून झोपायचं. मग रक्त चांगल्या बाजूला उतरत नाही, आणि रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ मिळतो. पण हे त्या माणसाच्या बायकोला किंवा मुकादमाला कधी उपयोगी पडेल? डावीकडे की उजवीकडे, हे आधीपासून माहीत असेल तेव्हाच. रात्री दोन वाजता उसाच्या फडाशेजारच्या कोपीत सीटी होत नाही. तुम्ही विचारत होतात, लक्षणं नसलेल्याला कळवून काय साधतं? त्याला आपली कूस कळते.

शंकेखोर : इतका वेळ तुम्ही रजिस्टरासाठी काहीतरी मागत होतात, आता पहिल्यांदा माणसाच्या हातात काही दिलंत. पण नीट पाहा, याला तुमची आयजीजी लागत नाही, सीटी लागत नाही, गोळा आहे की नाही हेसुद्धा लागत नाही. कोर्स संपतो त्या दिवशी छातीचा एक फोटो काढला आणि कार्डावर लिहिलं, 'उजवीकडे वर पोकळी उरली आहे', की झालं. गोळा पुढे होवो न होवो. म्हणजे माझं मूळ म्हणणं टिकलं : लक्ष पोकळीवर हवं, बुरशीवर नव्हे. आणि तुमचंही एक टिकलं, ते नाकारत नाही. आपल्या कागदावर 'बरा झाला' हा शेवटचा रकाना आहे. त्यात जंतू गेले एवढंच नोंदलं जातं, काय उरलं ते नाही. तो दुसरा रकाना हवा.

आग्रही : रकान्यावर आपलं जमलं, तर भांडण तिथून पुढे सुरू होतं. त्या रकान्यात 'पोकळी' लिहिलं आहे आणि माणूस खोकत आलेला आहे, त्याला एकेटी पुन्हा लिहिण्याआधी बुरशीची तपासणी, यावर आपण एक आहोत. पण ज्याच्या नावापुढे 'पोकळी' आहे आणि जो खोकतही नाही, त्याला मी दर सहा महिन्यांनी बोलावीन. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आयजीजीची सोय करीन. पुढचा रुपया मी तिथे घालीन, कारण किती जणांत गोळा वाढतो आहे हेच आपल्याला कळत नसेल तर नळीवाले रेडिओलॉजिस्ट किती लागतील, हे कशाच्या आधारावर मागणार?

शंकेखोर : आणि मी तो रुपया आधी नळीवर घालीन. किमान विभागाच्या ठिकाणी रात्रीसुद्धा रक्त थांबवणारा माणूस बसवीन, मग लोकांना बोलावीन. बोलावलेल्याला देण्यासारखं काही नसेल तर तो दुसऱ्यांदा येत नाही, आणि तिसऱ्या वेळी खोकला असूनही येत नाही. तुमची मोजणी त्याच माणसाच्या विश्वासावर चालते.

आग्रही : म्हणजे मोजल्याशिवाय सोय मिळणार नाही आणि सोय असल्याशिवाय तुम्ही मोजू देणार नाही.

शंकेखोर : मोजा, मी हात धरणार नाही. एखादा जिल्हा घ्या आणि पूर्ण मोजा. फक्त ज्याच्या छातीत गोळा सापडेल त्याचं देणं त्याच दिवसापासून तुमच्यावर आहे, असं धरून मोजा : त्याची कॅप्सूल, त्याची रक्ताची पातळी, त्याची रात्रीची नळी. टीबीचं खातं म्हणेल, आमच्या लेखी तो बरा झाला. बुरशीचं वेगळं खातं नाही. तो खर्च कोणाच्या नावावर पडेल, हे सांगणारा माणूस मोजणीच्या आधी उभा करा. मी पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर येतो.

आग्रही : तो माणूस आकडा बघितल्याशिवाय उभा राहणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

शंकेखोर : माहीत आहे. म्हणूनच तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पहिला आकडा ज्यांच्या जिवावर मिळणार आहे त्यांना तेवढं आधी सांगा, इतकंच म्हणतो.